सुपडू वायरमनचा एकोणचाळिसावा फोटो

सुपडू वायरमनची एक गंमत होती. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस तारा ओढायचा आणि सातव्या दिवशी, जिथं एकही तार दिसणार नाही अशी जागा शोधत डोंगरात हिंडायचा.

चोपड्याच्या वीज मंडळाच्या कचेरीत त्याची एकोणीस वर्षं गेली होती. आधीची दोन मुलं वाचली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मताच सुपात घालून ओढलं होतं, त्यामुळे नाव पडलं सुपडू. अंगानं काटकुळा, बोलायला त्याहून काटकुळा. कुणी चार वाक्यं बोललं की हा एक बोलायचा, आणि तेही बहुतेक वेळा ‘ठीक’ एवढंच.

डोंगराचं वेड त्याला लागलं ते खांबावर. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, एका शेतातल्या खांबाच्या टोकाशी पट्टा बांधून तो काम करत होता. सहज मान वळली तर उत्तरेला अख्खा सातपुडा उभा. पुढची रांग हिरवी, मागची निळी, त्यामागची त्याहून फिकी, आणि शेवटची तर आहे की नाही अशी. खाली शेताचा मालक मोटर सुरू होण्याची वाट पाहत घसा फोडत होता आणि हा वर बसून रांगा मोजत होता. उतरल्यावर मालकानं त्याला चार शब्द सुनावले. सुपडू म्हणाला, “ठीक.”

पुढं भुसावळच्या एका रेल्वे गार्डाकडून त्यानं जुना जपानी कॅमेरा विकत घेतला. आता हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ती पगारदार वायरमनची हौस होती, तेव्हा महिन्याकाठी एक काळा-पांढरा रोल, याहून जास्त नाही. रविवारी पहिल्या एस.टी.नं डोंगराच्या पायथ्याशी उंबरपाणीला उतरायचं, पाड्यावर भुरा पावऱ्याच्या घरी पाणी प्यायचं आणि चढायला लागायचं. संध्याकाळच्या गाडीनं परत.

त्याची फोटो काढायची रीतही वायरमनचीच होती. कचेरीत फ्यूज गेल्याच्या तक्रारी ज्या नोंदवहीत लिहीत, तसलीच एक जुनी नोंदवही तो डोंगरावर नेई. अनुक्रमांक, ठिकाण, वेळ आणि शेवटच्या रकान्यात शेरा. फोटो मनासारखा आला असेल तर शेरा ‘ठीक’. बिघडला असेल तर कशानं बिघडला ते. ‘वायर आली.’ ‘बैल आला.’ ‘माणूस आला.’ माणसाचं त्याला तारेइतकंच वावडं होतं. एकदा भुरा विळा घेऊन समोरून येत होता, तर सुपडूनं लांबूनच हातवारे करून त्याला बाजूला व्हायला सांगितलं. बिचारा भुरा एका धोंड्याआड अर्धा तास बसून राहिला. वाघबिघ दिसला की काय, असं त्याला वाटलं होतं.

घरी हे सगळे फोटो पाहायला एकच माणूस होतं, त्याची बायको पुष्पाबाई. ती बोलकी, हसरी, शेजारपाजारच्या पाच घरांची खबर ठेवणारी. दर महिन्याला गिरधरच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले की हात पदराला पुसून ती ते एकेक करून पाही.

“तुम्हना डोंगरमा कोनीच ऱ्हास नई का?” ती विचारायची.

एकदा त्यानं फुललेल्या पळसाचा फोटो मोठा करून आणला. डोंगरउतारावर शंभरेक पळस एकदम पेटलेले. त्याला वाटलं, ही आता खूश होईल. पुष्पाबाईनं फोटो उजेडात धरला, तिरका करून पाहिला.

“हाऊ पळस काया कसा?”

पळस काळा कसा, हा प्रश्न रास्तच होता. काळ्या-पांढऱ्या रोलला लाल रंगाची काय कदर? त्या दिवसापासून सुपडूला त्या फोटोकडे धड पाहवेना.

इतक्या वर्षांत ती एकदाही डोंगरावर गेली नव्हती. सासू तानुबाई अंथरुणाला खिळलेली, मुलगी लता आणि धाकटा मुलगा लहान, आणि बायांचा रविवार म्हणजे धुणं, पापड आणि पाहुणे. ही सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण त्याहून साधं होतं. त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी म्हटलं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये सुपडूच्या हातात बदलीचा हुकूम पडला. एक एप्रिलपासून दोंडाईचा. तोवर तानुबाई वारली होती, लता लग्न होऊन बोदवडला गेली होती, मुलगा होस्टेलवर होता. हुकूम वाचून सुपडूला आधी आठवला तो डोंगर. दोंडाईच्याहून सातपुडा काय, रविवारी जाऊन येण्याजोगा राहणार नव्हता. आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, त्याला तो काळा पळस आठवला.

संध्याकाळी पुष्पाबाई ताटात गहू निवडत बसली होती. उजवा पाय लांब सोडलेला. तो गुडघा तिला वर्षभर छळत होता आणि डॉक्टरनं जिनेसुद्धा कमी चढा म्हणून सांगितलं होतं.

“येशी का रविवारले?” त्यानं विचारलं.

“कोठे?”

“डोंगरवर. पळस फुलेल शे.”

तिची बोटं थांबली. मग पुन्हा खडे वेचू लागली. मान वर न करता ती म्हणाली, “मी आडवी उनू तं?”

फोटोच्या आड आपण आलो तर, हा तिचा प्रश्न सुपडूला बरोबर लागला. तो उठून सरळ गिरधरच्या दुकानात गेला आणि आयुष्यातला पहिला रंगीत रोल घेऊन आला.

आता इथं रोल भरण्याची त्याची एक खुबी सांगितली पाहिजे, कारण पुढचं रामायण तिथूनच सुरू होतं. छत्तीसच्या रोलमधून तो अडतीस फोटो काढायचा. रीतीप्रमाणे रोलचं टोक चकरीत खोवून दोन वेढे बसेपर्यंत फिरवायचं आणि मग कॅमेऱ्याचं झाकण लावायचं. त्यात सुरुवातीची पट्टी उजेड लागून वाया जाते. सुपडूचा जीव त्या वितीभर पट्टीत अडकायचा. म्हणून तो गोधडीत डोकं घालून, अंधारात, टोक जेमतेम खोवायचा आणि झाकण लावून टाकायचा. दोन फोटो जास्तीचे. शेजारणीला कित्येक वर्षं वाटत होतं की सुपडूभाऊंना सर्दीचा त्रास आहे आणि ते महिन्यातून एकदा वाफारा घेतात.

त्या शनिवारी गोधडीत त्यानं मनाशी हिशेब केला. अडतीस डोंगराचे, ते तर हवेतच. पण या वेळी एक आणखी पाहिजे होता. तिचा. इतक्या वर्षांत त्यानं बायकोचा एकही फोटो काढला नव्हता, आणि डोंगरातला एक फोटो कमी करून तो काढावा, हे काही त्याच्या मनाला येईना. त्यानं टोक नेहमीपेक्षाही कमी खोवलं. अति तिथं माती म्हणतात, ती अशी.

रविवारी पहाटे पुष्पाबाईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. निळी साडी नेसली, वर मुलाचे शाळेतले कॅनव्हासचे बूट घातले, आणि स्वतःच स्वतःच्या पायांकडे पाहून हसत सुटली. एस.टी.त खिडकीशी बसून ती माहेरी निघालेल्या पोरीसारखी बाहेर पाहत होती.

उंबरपाणीला भुराच्या अंगणात सुपडू पाणी पिऊन दोन मिनिटांत निघायचा. त्या दिवशी अर्धा तास मोडला. भुराची बायको नानीबाई आणि पुष्पाबाई यांची अशी गट्टी जमली की एकीची बोली दुसरीला निम्मीच कळत होती आणि तरी दोघींचं काही अडत नव्हतं. सुपडू घड्याळाकडे आणि उजेडाकडे आळीपाळीनं पाहत होता. मग चढण लागली. ती दहा पावलं चालायची, गुडघ्यावर हात ठेवून थांबायची, आणि थांबली की आजूबाजूला पाहायची. तो तेवढ्यात फोटो काढून घ्यायचा. क्रमांक, ठिकाण, वेळ. पळसाचा उतार लागला तेव्हा ती मध्येच उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. पुष्पाबाई गप्प बसली, ही गोष्टसुद्धा खरं तर नोंदवहीत लिहिण्याजोगी होती. पण सुपडू तेव्हा पळसाचेच फोटो काढण्यात गुंतला होता, आठ काढले.

चारच्या सुमारास ते माथ्यावर पोचले. तिथं एक सपाट खडक होता. आकड्यांच्या खिडकीत अडतीस दिसत होते. सुपडूनं तिला खडक बोटानं दाखवला.

“बस तठे.”

ती बसली. बूट दिसू नयेत म्हणून साडी पायांवर ओढली. वारा होता. सुपडूनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि तो पाहत राहिला.

“व्हयना का?” तिनं विचारलं.

वारा पडू दे, मग होईल, असं काहीतरी तो पुटपुटला. वारा काही पडला नाही. शेवटी त्यानं कळ दाबली आणि नोंदवहीत लिहिलं, एकोणचाळीस, माथ्यावरचा खडक, चार वाजून वीस. शेरा नेहमीप्रमाणे मोकळा ठेवला. लगेच उतरायला लागले, कारण साडेसहाची गाडी शेवटची होती.

गाडीत बसल्यावर सवयीप्रमाणे त्यानं रोल परत गुंडाळायला घेतला. त्यासाठी कॅमेऱ्याच्या वर एक बारीक हँडल असतं. ते फिरवताना आतल्या पट्टीचा ताण बोटांना लागतो, विहिरीतून भरली बादली वर येताना लागतो तसा. त्या दिवशी हँडल रिकामं फिरलं. एक वेढा, दोन वेढे, गर्रकन. सुपडूनं ते पुन्हा फिरवून पाहिलं, तसंच. टोक चकरीतून सकाळीच निसटलं होतं. दिवसभर कळ वाजत होती, आकडे पुढं जात होते, आणि रोल मात्र आपल्या डबीत निवांत झोपून होता.

शेजारी पुष्पाबाई गुडघा चोळत, खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “एक फोटो लताले धाडसूत. अन् एक भिंतवर.”

सुपडूनं हँडल मिटलं आणि कॅमेरा पिशवीत टाकला. सांगायला हवं होतं. त्याच क्षणी सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण तिच्या तोंडावर उन्हानं आणि आनंदानं आलेली ती लाली पाहून त्याची जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा टम्म फुगला. तरी तिनं विचारलं, “फोटो कव्हय येतीन?” रंगीत रोल जळगावला धुवायला जातो, आठ दिवस लागतात, असं त्यानं सांगून टाकलं. चोराच्या मनात चांदणं. तो घरात असला की कपाटाच्या त्या फळीकडे, जिथं कॅमेरा ठेवला होता, पाहायचंही टाळू लागला. कोरा रोल पुन्हा भरता आला असता, नाही असं नाही. पण तिचा पाय आता माथा गाठणार नव्हता, आणि तिच्याशिवाय एकट्यानं जायची गोष्ट त्याच्या मनातसुद्धा आली नाही.

आठाचे दहा दिवस झाले. शेवटी पुष्पाबाई भाजीला म्हणून निघाली आणि लंगडत लंगडत गिरधरच्या दुकानात जाऊन आली.

सुपडू संध्याकाळी घरी आला तेव्हा ती ओट्याशी नव्हती. खाटेवर बसली होती आणि मांडीवर नोंदवही उघडी होती.

“गिरधरभाऊ म्हने, रोल उनाच नई,” ती म्हणाली.

तो दारातच उभा राहिला.

“खरं सांगा. मन्हामुये बिघडना ना फोटो?” एकोणचाळिसाच्या ओळीवर तिचं बोट होतं, मोकळ्या रकान्यापाशी. “अठे काय लिखनार व्हतात तुम्ही? ‘बाई आली’?”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं सुपडूला वाटलं. आपली चूक लपवताना आपण तिला काय समजू दिलं, हे त्याच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. दहा दिवस ही बाई मनात काय घेऊन फिरत होती, आणि तो बापडा एका हँडलाचं दुःख करत बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं कपाटातून कॅमेरा काढला, तिच्या शेजारी बसला आणि हँडल फिरवून दाखवलं. गोधडी, टोक, चकरी, सगळं सांगितलं. इतकं लांबलचक तो लग्नाच्या बोलणीतही बोलला नव्हता. “एकबी फोटो नई निंघना,” तो शेवटी म्हणाला. “बठ्ठा दिवस फुकट गया.”

पुष्पाबाईनं ऐकून घेतलं.

“अडतीस तं नेहमीच काढतस. मंग एकोणचाळीस कसाले?”

“जास्तीना एक तुन्हा व्हता.”

तिनं एकोणचाळिसाच्या ओळीकडे पुन्हा पाहिलं. मग डोळ्यांना पदर लावून एकदम हसू लागली, आणि ते हसू की रडू हे काही वेळ त्याला कळेना. “फुकट कसा गया?” ती म्हणाली. “मी तं दखं ना बठ्ठं.” नोंदवही तिनं त्याच्या मांडीवर ठेवली. “लिखा. मी सांगस.”

आणि तिनं पाहिलेलं सगळं ती सांगू लागली. तो फक्त आकडा आणि ठिकाण वाचायचा. “चार. पाड्यामागचा कडा.” तर ती म्हणायची, कड्याच्या खाली नानीबाईची कोंबडी होती, तिच्या मागं सात पिलं, आणि सातव्याचा पाय लंगडा होता, माझ्यासारखा. “अकरा. नाल्याचं वळण.” तिथं म्हणे कुणीतरी मोहाखालची जागा झाडून स्वच्छ करून ठेवली होती, फुलं पडली की वेचायला सोपं जावं म्हणून. सुपडू त्या झाडाखालून शंभर वेळा गेला होता आणि ती झाडलेली जमीन त्याला एकदाही दिसली नव्हती. पळसाचे आठही फोटो तिनं वेगवेगळे सांगितले. एकावर मैना होत्या. एकाखाली एक म्हातारा झोपला होता, छातीवर फुलं पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता. लाल रंग तर तिनं असा सांगितला की काळ्या पळसाचं सुपडूच्या मनातलं शल्य निघून गेलं.

तो लिहीत गेला. शेऱ्याचा रकाना बोटभर रुंदीचा, त्यात ‘ठीक’ मावायचं. आता अक्षरं रकान्याबाहेर पडून समासात चढली, पान उलटून मागं गेली. इतकी वर्षं आपण माणसं, कोंबड्या, बैल बाजूला सारून डोंगर पाहत होतो. ही बाई एका दिवसात, दुखऱ्या गुडघ्यानं, सगळा डोंगर पाहून आली. हे त्याला कळलं, आणि वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं.

अडतीस संपले. दिवे लागले होते. पुष्पाबाईनं पाय सरळ केला.

“आते हाऊ तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “एकोणचाळीस. माले काय माहीत? मी तं तुम्हनाकडे दखी ऱ्हायनू व्हतू.”

सुपडूनं पेन्सिल खाली ठेवली. मग हळूहळू, एकेक शब्द जोडत तो बोलू लागला. तिची निळी साडी. वाऱ्यानं डाव्या बाजूला उडालेला पदर, आणि तो धरायला वर गेलेला हात. बांगड्यांतली एक हिरवी, बाकीच्या लाल. कानामागून सुटलेली एक बट, तिच्यात तीन केस पांढरे. कपाळावरचं कुंकू घामानं थोडं खाली ओघळलेलं. साडीखालून बाहेर आलेलं एका बुटाचं टोक, आणि त्याची सुटलेली लेस. आणि ती ‘व्हयना का’ म्हणाली तेव्हा तिच्या गालाला पडलेली खळी, जी लग्नातल्या फोटोतही आली नव्हती.

पुष्पाबाई खाली मान घालून ऐकत होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“अन् मांगे डोंगर कसा व्हता?” तिनं विचारलं. “तो तं तुम्हना लाडका.”

सुपडूनं डोळे मिटले आणि आठवायचा प्रयत्न केला. त्या माथ्यावरून पाच रांगा दिसतात. उजेड कुठल्या रांगेवर किती वाजता पडतो हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या दिवशीचं, चार वाजून वीस मिनिटांचं, काहीच आठवेना.

“डोंगर मी दखाच नई,” तो म्हणाला.

“मंग तेच लिखा,” पुष्पाबाई म्हणाली, आणि पेन्सिल उचलून तिनं त्याच्या हातात दिली.

सुपडूनं नोंदवही गुडघ्यावर नीट धरली आणि एकोणचाळिसाच्या पुढं, शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरांत लिहिलं, ‘डोंगर दिसला नाही.’ मग क्षणभर थांबून त्याच्या खाली आणखी एक शब्द लिहिला. ‘ठीक.’